शेवटच्या ओळीतलं नाव

११ जानेवारी
दुपारचं गाणं रेकॉर्ड झालं एकदाचं. कल्याणचा छोटा स्टुडिओ, गादी ठोकलेल्या भिंती. शब्द माझे, चालही माझीच, जरा वाकडी. वैशूने ती सरळ केली. धाकटी बहीण आहे म्हणून म्हणत नाही, पण तिच्या गळ्यात गेल्यावर मलाच कळलं की हे गाणं आहे.

दुपार येऊन दारी बसली, उठता उठत नाही
पाणी विचारू की जा म्हणू, काही सुचत नाही

आईच्या शेवटच्या वर्षातल्या दुपारी. कल्याणजवळचं मोहन्याचं आमचं घर, ती उंबऱ्यात, पाय बाहेर. कुणाची वाट बघतेस विचारलं की म्हणायची, कुणाची नाही गं, बसलेय.

स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "ढोलकीवाले येतायत ना?" म्हटलं ढोलकी नाही. पेटी आणि व्हायोलिन. "मग हे कुठल्या टाइपचं..." म्हणाला आणि माझ्याकडे, मग वैशूकडे बघून माइक नीट करायला लागला.

वैशू काळी पाचात, वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्याने गायली. जयंतीच्या मंडपात शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय. पण हे म्हणताना आवाज तेवढाच मोठा आणि तरी एकटा. कसा, ते लिहिता येत नाही.

२४ जानेवारी
गाणं आलं. वैशूने लिंक पाठवली, खाली तीन नुसतेच ठिपके.

निळं चित्र. कोपऱ्यात ढोलकी, जी गाण्यात नाही. वर लिहिलंय: भीमगीत. माझं नाव कुठेच नाही. तिचं आहे, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत.

गाणं काढणाऱ्या ठाण्याच्या कंपनीच्या माणसाला फोन केला. चांगला बोलतो, ताई ताई करतो.
"ताई, तुमचं ऑडियन्स तिकडेच आहे ना."
म्हटलं, गाण्यात बाबासाहेब नाहीत, जयंती नाही, दीक्षाभूमी नाही. एक बाई दारात बसलीये.
"हां, पण आवाजात आहे ना ते."
आवाजात काय आहे?
"ते... समजतं ताई ऐकल्यावर."

गाणं ऐकलं होतं का त्याने? की नुसतं आडनाव?

२५ जानेवारी
वैशूशी भांडण. तिला वाटलं मी उगाच फोन केला.

"भीमगीत म्हणजे शिवी आहे का गं ताई? तू घोडबंदरला राहायला गेलीस म्हणून लाज वाटते?"

लाज नाही. लाज कशी वाटेल. बाबा रेयॉनच्या कारखान्यात होते आणि संध्याकाळी गायन पार्टी. त्यांची गाणी ऐकत मी वाचायला शिकले, शब्दशः, त्यांच्या कागदावरच्या अक्षरांवर बोट ठेवून. पण बाबांचं ते भीमगीत होतं म्हणून भीमगीत होतं. हे आईच्या दुपारींचं आहे. आमच्यातली बाई दुपारी नुसती बसू शकत नाही का? तिचं बसणंही चळवळीतच धरायचं का?

हे सगळं फोनवर नाही बोलता आलं. मी एवढंच म्हणाले, तसं नाही. ती म्हणाली, "मग कसं?"

२ फेब्रुवारी
कंपनीने बदललं. भीमगीत काढून लोकगीत. "न्यूट्रल आहे ताई, सगळ्यांना चालतं." निळं जाऊन हिरवं आलं, एक झोपडी आली. मोहन्याचं घर पत्र्याचं असलं तरी झोपडी नव्हतं.

माझ्या नावाचं विचारलं तर म्हणाला, त्या प्रकाराला कवीच्या नावाची जागाच येत नाही. सोडून दिलं. थकले. वैशू म्हणाली, "आता खूश?"

२१ फेब्रुवारी
घोडबंदर रोडला कॅबमध्ये अडकलेले, पुढे कंटेनर बंद पडलेला. सोसायटीच्या ग्रुपवर समोरच्या काकूंचा फॉरवर्ड: "किती तरल भावगीत! डोळे पाणावले. जरूर ऐका."

लावलं. डोंबिवलीतला कार्यक्रम. एक मुलगी, पंचविशीची असेल, मोतिया रंगाची साडी, डोळे मिटलेले, बारीक गोड आवाज. सतार. मागे तंबोरा.

दुपार येऊन दारी बसली.

अख्खं गाणं. माझं. "उठता उठत नाही"वर तिने केवढी हरकत घेतली, छानच घेतली. खोटं का लिहू, मला रडू आलं. मग शेवटी निवेदकाचा आवाज: "एक पारंपरिक लोकगीत. कवी अज्ञात. पण त्याचं आज भावगीत झालं."

ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "मॅडम, सगळं ठीक ना?" म्हटलं हो. गाडी हललीच नाही बराच वेळ.

वैशूचं रेकॉर्डिंग कुणी फॉरवर्ड केलं नव्हतं. हे तीन ग्रुपवरून आलं. एकदा ऑफिसच्याही.

२२ फेब्रुवारी
वैशूला पाठवलं. वाटलं चिडेल. मग: "चांगली गायलीय पोरगी." मग: "तू मेलीस वाटतं. अज्ञात."

२७ फेब्रुवारी, डोंबिवली
त्या कार्यक्रमाच्या आयोजक बाईंकडे गेले, आधी फोन करून. मेधाताई. साठीच्या पुढच्या, स्वच्छ बोलणं, घर नीटनेटकं, चहाबरोबर नारळाची वडी. मी मनात भांडण पाठ करून गेलेले. त्यांनी दारातच हात धरला.

"अहो, कसं सांगू तुम्हाला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालंय. पण तिथे लोकगीत असं लिहिलं होतं हो. लोकगीताला कवी नसतो ना."

बरोबरच आहे. लोकगीताला कवी नसतो. भीमगीताला असतो, बाबा तर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचे, सगळेच घालतात. "तुळशीराम सांगे" आलं की आम्ही समजायचो गाणं संपलं, चहा ठेवा. त्या प्रकारात राहिले असते तर निदान नाव घालायची सोय होती. न्यूट्रलमध्ये गेले आणि पुसले गेले.

मेधाताई म्हणाल्या पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात माझं नाव घेतील. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मोठा कार्यक्रम आहे, मी समोर बसायचं, सत्कार.

म्हटलं, सत्कार नको. माझ्या बहिणीने गायलंय ते पहिल्यांदा. तिला गाऊ द्या.

वाईट नव्हत्या, खरंच विचार करत होत्या. "मी ऐकलंय त्यांचं. आवाज दमदार आहे. पण अगदी उघडा लागतो हो. आपण असं करूया का, दुसऱ्या भागात लोकरंग आहे, गोंधळ, कोळीगीत, त्यात घेऊया. तिथे त्या शोभतील."

म्हटलं, भावगीताच्या भागात. तुमच्याकडे ते भावगीतच आहे ना आता?

"पट्टी थोडी उतरवतील का?"
विचारते म्हटलं.
"बघते मी," त्या म्हणाल्या. वडी डब्यात बांधून दिली.

१ मार्च, मोहने
वैशूकडे. ती भाजी निवडत होती, मान वर न करता ऐकलं सगळं.

"म्हणजे आता मी परीक्षा द्यायची. माझ्याच गाण्याची."
तुझी इच्छा नसेल तर नको.
"पट्टी उतरवू?"
मग म्हटलं, बघ जमतंय का.

पेटी काढली. दोन पट्ट्या खाली, आवाज बारीक करून. त्या मुलीसारखी. जमलं तिला, काहीही जमतं. सुरात होतं, गोड होतं. आणि आई त्यात नव्हती. दुसरीच कुणी बाई होती, तिला दुपारी झोप येत नव्हती एवढंच.

वैशूने भाता बंद केला. "ताई, तुला गाणं तिकडे पोचवायचंय की मला? एक सांग. म्हणजे तसं गाते."

तिचा नवरा आतून म्हणाला, "दोघी जेवा आधी."

दोन्ही, असं म्हणायचं होतं. दोन्ही असं काही असतं का?

९ मार्च
वैशूचा फोन. येणार. काळी पाचातच गाणार. "आणि शेवटच्या ओळीत एक शब्द बदलते. चालेल ना? मीटर सांभाळलंय." कुठला ते सांगेना. "गाण्याच्या मालकिणीला नंतर कळेल." हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा हसली माझ्याशी.

१८ मार्च, डोंबिवली
डोंबिवलीहून परत आले. लगेच लिहून ठेवते.

हॉल भरलेला. नऊवाऱ्या, अत्तर, मोगरा. वैशू पांढऱ्या साडीत, निळी किनार. तिच्याबरोबर पेटीला तिचा नेहमीचा साथीदार गणेश, आणि मेधाताईंचा व्हायोलिनवाला. ढोलकीवाले गृहस्थ विंगेत तयारीत बसलेले, त्यांना कुणीतरी सांगितलेलं की लागेल. वैशू त्यांना म्हणाली, "दादा, आज आराम करा."

मेधाताईंनी शब्द अर्धा पाळला. मध्यंतरानंतर पहिलंच गाणं. ना भावगीतात, ना लोकरंगात, मधल्या फटीत. निवेदक म्हणाला, "आता जरा वेगळ्या मातीतलं." माती. माझं नाव घ्यायचं विसरला. मेधाताईंनी समोरून खूण केली, त्याला दिसली नाही.

पहिला सूर लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागे सरकल्या. खरंच सरकल्या, पाठ खुर्चीला लागली. मग हळूहळू हॉलमधली कुजबुज थांबली. आवडलं म्हणून की नवल म्हणून, मला नाही सांगता यायचं. दुसऱ्या कडव्यात वैशूने डोळे उघडे ठेवून एका ठिकाणी बघायला सुरुवात केली, जिथे दार असतं तिथे.

शेवटचं कडवं मी लिहिलेलं असं:

ऊन उतरले भिंतीवरुनी, सावली आली घरी
मीच म्हणाले, बस गं दुपारी, चहा ठेवते तरी

ती गायली:

करुणा म्हणे, बस गं दुपारी, चहा ठेवते तरी

माझं नाव, बाबांनी ठेवलेलं. वैशू ताईच म्हणते, नाव तिच्या तोंडून मी लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं. दोनदा घेतली ओळ, बाबा घ्यायचे तशी, दुसऱ्यांदा हात वर करून. गाणं संपलं, चहा ठेवा.

टाळ्या आल्या. बऱ्यापैकी. व्हिडिओतल्या त्या मुलीला आल्या तेवढ्या नाहीत.

आणि निवेदक उठला. भारावलेला. "रसिकहो, शेवटच्या ओळीत कवीने काय साधलंय बघा. साक्षात करुणाच बोलते आहे. माणसाच्या मनातली करुणा दुपारीला म्हणते, बस."

वैशूने माझ्याकडे बघितलं. तिचे खांदे हलायला लागले. मलाही हसू आवरेना, शेवटी ठसका लागला, शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

बाहेर रिक्षेच्या रांगेत वैशू म्हणाली, "नाव घातलं तरी यांनी अर्थ काढला."
मग थोड्या वेळाने, "पण आता नाव काढून टाका म्हणावं. ओळ लंगडी होईल."

२ एप्रिल
कंपनीवाल्याचा फोन. डोंबिवलीच्या कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग मेधाताईंनी पाठवलंय, म्हणे पुन्हा काढू. या वेळी तो सावध. "ताई, प्रकार तुम्हीच सांगा. भावगीत, लोकगीत, भीमगीत. एकच टाकता येतो." आणि पुढे, "भावगीत टाकलं तर आडनाव छोटं ठेवू का? चालतं तसं चांगलं."

वैशूला विचारलं. "तू लिहिलंस, तू ठरव." मी म्हटलं तू गायलीस. "म्हणून तर तू ठरव."

१४ एप्रिल, मोहने
संध्याकाळी मंडपात गेले. निळे झेंडे, खीर, पोरं नव्या शर्टात. लाउडस्पीकर आंबिवलीपर्यंत जात असणार. वैशू मधोमध, आज ढोलकी सोडून काही नाही. ओळखीच्या बायकांनी जागा करून दिली, "जय भीम करुणाताई, बारीक झालीस गं."

चार गाणी जोरात झाली, पोरं नाचली. मग तिने पेटी पुढे ओढली आणि दुपार सुरू केली.

पहिल्याच कडव्यात मंडळाचा एक जण स्टेजपाशी. "वैशूताई, हे जयंतीचं नाही ना. स्लो आहे. भीमगीत घ्या ना." वाईट उद्देश नव्हता त्याचाही. वैशूने मान हलवली आणि गात राहिली. तो डोकं खाजवत उभा. मागची पोरं पांगली, मोबाइल काढले.

म्हणजे इथेही ते बसत नाही. तिकडे माती, इकडे स्लो.

माझ्या शेजारी हौसामावशी, आईच्या बरोबरीची, समोरच्याच चाळीतली. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
"ही बेबीची दुपार ना गं? अशीच बसायची. मी हाक मारायची तर नुसती बघायची."
हो म्हटलं, आईचीच.
"मग सांगायचं ना आधी," म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन नीट बसली ऐकायला.

करुणा म्हणे आलं तेव्हा इथे कुणी अर्थ सांगायला उठलं नाही. दोन-तीन बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं फक्त. हौसामावशी म्हणाली, "तुळशीरामासारखंच." पुढचं गाणं ढोलकीवर सुरू झालं आणि पोरं परत आली.

१५ एप्रिल
कंपनीवाल्याचा मेसेज पुन्हा: ताई, प्रकार? खाली तिन्ही नावं लिहून पाठवलीत, एकाखाली एक, म्हणजे मला नुसती खूण करता यावी.

वैशूला फोन केला. उचलला नाही, रात्रभराच्या गाण्याने झोपली असेल. दुपार झालीय. इथे चौदाव्या मजल्यावर दारात कुणी बसत नाही, दारं बंदच असतात. आज उघडं ठेवलंय. समोरच्या काकू जाता जाता म्हणाल्या, "कुणी यायचंय का?"

नाही म्हटलं, बसलेय.

त्याला लिहिलं, उद्या सांगते. कालही हेच लिहिलेलं.