सरकारला दाखवायची फुलं

आये, आपल्या गावात सरकारी गाडी आली होती, मोहाची फुलं बघायला. पकडायला नाही, बघायला! तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "मला येड्यात काढतीस का गं?" पण खरंच सांगते. ज्या फुलांपायी तू जन्मभर जीव मुठीत धरून राहिलीस, ती आता अंगणात उघडी वाळत घालता येतात, चार लोकांत विकता येतात. तू गेलीस त्यानंतर पुष्कळ वर्षांनी कधीतरी सरकारला सुचलं आणि बंधनं उठली. आता तुझ्या सुनेने बायकांचा बचत गट केलाय आणि त्या फुलांचे लाडू करून विकतात. फक्त वाळवायला जागा नव्हती. अवकाळी पाऊस आला की फुलं काळी पडायची, मग व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. म्हणून त्यांनी पत्र्याच्या शेडसाठी अर्ज केला होता. साहेब लोक येऊन माल बघणार, पटलं तर शेड, नाही तर पुढच्या वर्षी बघू. तुझ्या सुनेने मला नाशिकहून बोलावून घेतलं. म्हणाली, "ताई, तुम्ही कॉलेजात शिकवता, तुम्ही बोला त्यांच्याशी. आमची बोबडी वळते."

तुझ्या वेळी धाडीची गाडी यायची ती मला अजून लख्ख दिसते. घाटाच्या वळणावर धूळ उठली की पहिल्या घरातली बाई कोंबड्यांना हाका मारायला लागायची, "या या या या!" भर दुपारी, दाणे टाकायची वेळ नसताना. तिचं ऐकून दुसरी, मग तिसरी. गाडी पहिल्या घराशी येईपर्यंत शेवटच्या घरातलीसुद्धा फुलं गायब झालेली असायची. अशाच एका दुपारी तू फुलं जमिनीवर पसरतेस, वर गोधडी टाकतेस, तिच्यावर आडवी होतेस आणि ताप भरल्यासारखी कण्हायला लागतेस. मी दारात उभी. साहेब अजून काही विचारायच्या आतच मी सांगून टाकते, "आमच्याकडं फुलं नायत." आत तुझं कण्हणं एकदम थांबतं. साहेब माझ्याकडे बघतो, घरात दरवळणारा गोड वास घेतो, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, हसून पुढे जातो. नंतर तू माझा कान धरलास. "त्यानं इचारलं व्हतं का? इचारल्याबिगर नाय म्हणू नये!" एवढं बोलून तूच हसायला लागलीस, आणि तिळासोबत कुटलेल्या फुलांचा लाडू माझ्या हातावर ठेवलास. जगात एवढं चविष्ट काही नसेल असं मला तेव्हा वाटलं होतं, आजही वाटतं.

मी पोरांना इतिहास शिकवते, आये, तेव्हा तू वर्गात येतेस. मी सांगते, इंग्रजांना कराचा पैसा हवा होता. लोक घरी गाळलेली पिऊ लागले तर ठेक्यावरची दारू घेणार कोण? मग त्यांनी थेट झाडाखाली पडणाऱ्या फुलांवर पहारा बसवला. फुलांची भाकरीत भर होते, उपाशी दिवसांत तीच पोटाला आधार होतात, हे त्यांच्या हिशेबात नव्हतंच. इंग्रज गेले. आपलं सरकार आलं, त्याला दारूबंदी हवी होती. कारण अगदी उलटं झालं, पण पहारा तोच राहिला. थोडी गाळली जायची हे काही मी नाकारत नाही, देवाला धार लागायची आणि देवाच्या नावाने काकांनाही लागायची. पण मला पोरांना सांगायचं असतं ते वेगळंच. कायदा कचेरीत जन्मतो खरा, पण राहायला येतो तो चुलीपाशी. आई लेकराला बोलायला शिकवते त्याच दिवसांत काय बोलायचं नाही तेही शिकवते. हे सांगताना माझा आवाज चढतो आणि पोरं खाली मान घालून मोबाइल बघतात.

तर गाडी आली त्या दिवशी. सकाळपासून अंगणभर फुलं पसरलेली, सोन्यासारखी. तुझी सून नवी साडी नेसून तयार. तुझी जाऊ, आपली काकी, आता वाकली आहे, दिसतंही कमी, ती ओट्यावर बसलेली. गाडीचा आवाज तिच्या कानावर पडला आणि आये, काकीने खणखणीत आवाजात सुरू केलं, "या या या या!" मला वाटलं गंमत करतेय. पण शेजारच्या घरातून हाक उठली, तिच्या पलीकडून उठली, आणि मी बघते तर सगळ्या बाया धावताहेत. कुणी पदरात भरतेय, कुणी टोपलीत लोटतेय. ज्यांना धाडी नीट आठवतही नसतील, त्या पोरीसुद्धा! मी "अगं थांबा, थांबा" म्हणेपर्यंत अंगण झाडल्यासारखं स्वच्छ झालं होतं.

गाडीतून एक तरुण मॅडम उतरल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "फुलं कुठे आहेत?" आणि जिने स्वतः अर्जावर सही केली होती ती तुझी सून म्हणाली, "कोणती फुलं?"

मॅडमनी हातातला कागद बघितला. "मोहाची. तुम्हाला शेड हवी होती ना?"

"आमच्याकडं नाय फुलं," सून म्हणाली. तिच्या तोंडून ते निघून गेलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमना वाटलं आपल्याला फसवलं. त्या गाडीकडे वळल्या. ड्रायव्हरने चावी फिरवली. मी पुढे झाले. इंग्रजांपासून सांगायला तोंड उघडलं आणि निघालं एवढंच, "मॅडम, आमची चूक नाही. गाडी आली की लपवायचं, एवढंच आम्हाला येतं."

त्यांनी हाताने ड्रायव्हरला थांबवलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि काकीला, आणि सगळ्यांनाच. "मग काढा की बाहेर!" आये, काय काय कुठून निघालं! कोंबड्यांच्या खुराड्यातून, वैरणीखालून, पाळण्यातल्या पोराच्या पायाशी ठेवलेल्या गाठोड्यातून. एका सासूबाई गोधडीवर कण्हत पडल्या होत्या, त्यांना उठवलं. मॅडम प्रत्येक जागा बघायला घरोघर फिरल्या, बायाही हौसेने दाखवत होत्या. त्यांनी लाडू खाल्ला, दुसरा मागून घेतला. शेड मंजूर झाली. कशी हवी असं विचारल्यावर काकी पहिली बोलली, "मागच्या अंगाला एक दार ठेवा. कायदा पुन्हा फिरंल, काय नेम हाय?" मॅडमनी मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. सुनेने मला गच्च मिठी मारली, आणि मला मनापासून वाटलं, तू हे बघायला हवी होतीस.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. लिहून झालं की कॉलेजच्या टेबलाच्या खणात ठेवणार आहे. पण एक राहिलं. नाशिकला परत येताना सुनेने लाडूंसोबत फुलांचं पाकीट दिलं, वर गटाचं नाव आणि खाली 'मोहाची फुलं' असं रीतसर छापलेलं. एसटी दिंडोरीच्या द्राक्षबागांमधून येत होती. तिथे वाईनरीच्या मोठमोठ्या पाट्या आहेत, वाईनरीवाल्यांसाठी सरकारने पायघड्या घातल्या, लोक गाड्या करून चव घ्यायला येतात. मी मनातल्या मनात भांडत होते त्या पाट्यांशी. तेवढ्यात नाक्यावर एसटी थांबली आणि पोलीस वर चढला, पिशव्या बघत माझ्यापाशी आला.

"काय आहे हो बाई यात?"

छापलेल्या नावावर माझा तळहात कधी गेला ते मलाच कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत बघून, अगदी तुझ्या थाटात, मी म्हटलं, "मनुके."