सेक्टर बावीसच्या मुलांची हमी

मी, कांचन नंदकुमार सबनीस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त विज्ञानशिक्षिका, मूळची कराडची, सध्या राहणार सेक्टर ३८, चंदीगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणंघेणं नसतं असं वकीलसाहेब म्हणाले. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. आणून तर बघावा! यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिले. माझे यजमान डॉ. नंदकुमार सबनीस सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. त्यांच्या नोकरीपायी आम्ही "दोन-तीन वर्षांपुरते" म्हणून इथे आलो आणि राहूनच गेलो. ते आता नाहीत. मला दोन मुलं: निखिल पुण्यात, ऋता मोहालीत. दोघांना मराठी पक्कं समजतं आणि दोघं उत्तर हिंदीत देतात. यात चूक कोणाची, ते मी या कागदावर ठरवत बसणार नाही.

कलम दुसरे. बँकेतल्या ठेवी निखिलला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. कागदपत्रांच्या बाबतीत तो बापावर गेला आहे. माझ्या बांगड्या आणि मोहनमाळ सूनबाई यामिनीला. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ती येऊन राहिली आणि कधी जायचं हा विषयसुद्धा काढला नाही. पोरी, तोंडावर कौतुक करणं मला जमत नाही, म्हणून इथे लिहिते.

कलम तिसरे. यजमानांचा पितळी मायक्रोस्कोप आमच्या सार्वजनिक वाचनालयाला. तिथे शनिवारी शाळेच्या मुलांसाठी विज्ञानाचा तास असतो, त्यात वापरावा. मुलांनी हात लावायचा आहे! काचेच्या कपाटात ठेवलात तर मी वरून बघेन. आमच्या शाळेतल्या एका मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तकं खराब होतील म्हणून सगळी कपाटात कुलूपबंद ठेवली होती. ती खराब झालीच, वाळवीने. त्या बाईंना मी माफ करते, पण पूर्ण नाही.

त्या कुलपाच्या काळात मला वाचनालयानेच तारलं. शिक्षकांना ते वर्गासाठी पुस्तकांची अख्खी पेटी द्यायचे, अजून देतात. ती पत्र्याची पेटी सायकल-रिक्षातून वर्गात आली की पोरं बाकांवर उभी राहायची. मी रागावल्यासारखं करायचे.

कलम चौथे. हे वाटणीचं कलम नाही, पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी नवी होते तेव्हा माझं हिंदी ऐकून आठवीचा वर्ग फिदीफिदी हसायचा. "मैडम, फिर से बोलो जी!" जरा तयारी करून जावं म्हणून वाचनालयात गेले, तर नियम आडवा आला. सभासद व्हायला याच शहरात राहणारा हमीदार लागतो, म्हणजे पुस्तक हरवलं तर भरून देणारा माणूस. नवऱ्याच्या नोकरीपायी परक्या गावात आलेल्या बाईने हमीदार कुठून आणायचा? मी परत फिरले. रांगेत मागे एक निवृत्त मास्तर उभे होते, सरदार करतार सिंग. ते म्हणाले, "बेटा, पढ़ाने के लिए चाहिए ना? ला, मैं साइन करता हूँ." ओळख ना पाळख! त्या सहीच्या जोरावर मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. देव त्यांचं भलं करो. मी शहाणी शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळे.

पुढे तेच काम मी धरलं. सेक्टर २२ मध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं शिकायची माझ्याकडे. त्यांच्या आईबापांना हमीदार कोण मिळणार? मी सह्या करत गेले. ती मुलं मोठी झाली, त्यांच्या गल्लीतली दुसरी आली. आजही तिथल्या कितीतरी मुलांची वाचनालयाची कार्डं माझ्या सहीवर चालतात. परीक्षेच्या दिवसांत ती तिथल्या अभ्यासिकेत बसतात, कारण घरी एका खोलीत सगळं घरदार आणि टीव्ही असतो.

आता पेच असा, की मी गेले की माझी सही गेली. नवा हमीदार येईपर्यंत सगळ्यांची कार्डं बंद. ऐन मार्चमध्ये गेले तर बोर्डाच्या मुलांनी बसायचं कुठे? मार्चमध्ये न मरण्याचा मी प्रयत्न करीन, पण तसं लेखी देऊ शकत नाही. ग्रंथपाल जसबीर कौर दर आठवड्याला फोन करते, "कांचन जी, तबीयत ठीक है ना?" माया आहेच तिची, पण तिलाही त्याच कार्डांची काळजी आहे. कर्मचाऱ्यांना हमीदार होता येत नाही, नाहीतर तिने केव्हाच सही ठोकली असती. शहरातले माझ्या ओळखीचे बाकी सगळे माझ्याच वयाचे.

कलम पाचवे. वकीलसाहेब म्हणतात, हमी वारशाने देता येत नाही, फ्लॅट देता येतो. म्हणून राहता फ्लॅट ऋताला देत आहे, अशा अटीवर की तिने त्यात स्वतः राहावं आणि मुलांची हमी घ्यावी. मोहाली इथून हाकेच्या अंतरावर, पण ते पंजाब. वाचनालयाला पत्ता चंदीगडचाच लागतो. अट पाळली नाही तर फ्लॅट विकून दोन्ही मुलांनी वाटून घ्यावा. मग त्या पोरांचं काय, हे लिहायला माझा हात धजत नाही.

ऋता मोहालीत आयटीत नोकरी करते आणि एकटी राहते. त्याबद्दल पुण्याच्या नातेवाइकांनी मला विचारणं आता तरी थांबवावं. "इकडे राहायला ये" असं मी तिला कधीच म्हटलं नाही. पोरीला अडकवू नये, असं माझं मत. आणि ती नाही म्हणाली असती तर मला सोसलं नसतं, हेही खरं.

कलम सहावे. इथवर लिहून कागद टेबलावर ठेवला आणि मी चहा टाकायला उठले. रविवार होता. ऋता आली होती. तिने वाचलं.

"आई, ये क्या है?"

"मृत्युपत्र. दुसऱ्याचं वाचू नये."

"मतलब तू चाहती है कि मैं इस घर में रहूँ. पर तेरे मरने के बाद?"

मी चहाखालचा गॅस बंद केला.

"जीते जी बोल नहीं सकती थी? एक बार भी?"

मग ती रडली, मीही रडले. शेवटी नाक पुसत म्हणाली, "अगले महीने आ रही हूँ. मोहालीवाला किराए पे चढ़ा दूँगी. बच्चों की गारंटी भी ले लूँगी, पक्का. पर एक शर्त मेरी भी है. किचन मेरा. तू टोकेगी नहीं."

मी म्हटलं, "बघू."

"बघू नहीं, आई. लिख के दे."

कलम सातवे. वकीलसाहेबांचं म्हणणं, आता पाचव्या कलमातली अट काढून टाकू. काढू नये. माझ्या हयातीत ती पुरी होते आहे, याचा आनंद मला लेखी हवा आहे. आणि ऋताच्या म्हणण्याप्रमाणे स्वयंपाकघराचा संपूर्ण ताबा, ओटा, मिसळणाचा डबा आणि भाजीत लसूण किती घालायचा याच्या अधिकारासह, मी तिला माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून देत आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

सही: कांचन नंदकुमार सबनीस

साक्षीदार:
१. जसबीर कौर, ग्रंथपाल
२. डॉ. विक्रम आठल्ये, यजमानांचे जुने सहकारी, सेक्टर ३९

ठिकाण: चंदीगड
दिनांक: १७ डिसेंबर २०२५