गाडी बदलण्याआधी

अहो,

मी बसने आईकडे जातेय, उद्या संध्याकाळी येईन. जेवण झाकून ठेवलंय. दुपारी शोरूमचा माणूस आपली गाडी बघून नवीचा भाव ठरवायला येईल. सही करण्याआधी एवढं वाचा.

बाबा गेले त्या दिवशी आपण वाटेत चार्जिंगला थांबलो आणि वीस मिनिटं उशिरा पोचलो. तेव्हापासून तुम्ही या गाडीला बोल लावता. नवी एका दमात पोचवेल, म्हणता.

तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हाच पोचण्यापुरतं चार्जिंग झालं होतं. तुम्ही काचेतून विचारलंत, "झालं का गं?" मी म्हणाले, "नाही हो, अजून थोडं."

बाबांच्या खोलीत पाऊल टाकायचा धीर होत नव्हता. तिकडे ते डोळ्यांत प्राण आणून माझी वाट बघत होते, आणि इकडे मी पडद्यावरचा आकडा चढताना बघत बसले होते.

गाडी बदलायची तर खुशाल बदला. पण त्या दिवसासाठी नको, तिचा काही दोष नाही.

तुम्हाला हे तोंडावर सांगवलं नाही. आईला मात्र आज समोर बसून सांगणार आहे.