यादीतली धाकटी

मन्नाएखेळ्ळी,
२० फेब्रुवारी १९५२

ती. चंद्रक्का हिस शरणम्माचा शरणु शरणार्थ.

इकडं समदे खुशाल. तुझं गुडघं कसं हाय? जोंधळा बरा आलाय, तूर किडीनं खाल्ली. माझी धाकटी सवत बी खुशाल. तिचं मी कामून सांगायले, तू तर इचारलंच न्हाईस.

दिल्लीच्या निवडणुकीची मतमोजणी झाली. दिल्लीला कोण गेलं त्याचं गावाला कायबी पडलेलं न्हाई. इथं पैज येगळीच होती. उमेदवारागणिक पेटी येगळी, वर त्याचं चित्र; आमचे हे कंदिलाच्या बाजूनं, गावातला दुसरा पुढारी चन्नबसप्पा शिडीच्या बाजूनं. ज्याच्या पेटीत गावची मतं जास्ती, त्यानं शिवरात्रीला बसवण्णाच्या रथाचा पहिला दोर धरायचा आन त्याच्या बायकोनं रथाला आरती करायची, असं पंचांसमोर ठरलं.

बायको म्हंजे कोण, ते मला आधीच कळायला पायजे होतं.

मागं यादीसाठी नावं लिहायला सरकारी माणूस आला. हे मोंढ्याला धान्य इकायला गेलते. त्यानं माझं नाव इचारलं, मी सांगितलं. मग नवऱ्याचं इचारलं. अक्का, परक्या माणसासमोर नवऱ्याचं नाव आपल्या तोंडातून निघतंय व्हय? मी पदर धरून उभी. तो म्हणला, नवऱ्याचं नाव न्हाई तर मत न्हाई. तेवढ्यात धाकटी आतून हात पुसत आली आन ज्वारीचा भाव सांगावा तसं आपलं आन ह्यांचं नाव सांगून मोकळी झाली. ह्यांची बायको म्हणून ती यादीत. मी बी ह्यांचीच बायको हे सांगावं एवढं तिला सुचलं न्हाई, का सुचून बी सांगितलं न्हाई, ते बसवण्णाला ठाऊक.

मला वाटलं हे आल्यावर तिला चांगलं फैलावर घेतील. हे हसले. हुशार हाय म्हणले. गावभर सांगत फिरले.

मत टाकायला तिला सजवलेल्या गाडीतून नेली. मी कार्यकर्त्यांच्या भाकरी थापत बसले. आली ती बोटाची शाई दाखवत. पुढं आठवडाभर भांड्याला हात न्हाई, शाई जाईल म्हणं. हुमनाबादची हिरवी साडी बी आणली, आरतीसाठी. लगीन होऊन बारा वर्सं मी ह्या घरात राबायले, पोर झालं न्हाई म्हणून तिला आणली तवा मीच ववाळून घरात घेतली. आन आता गावासमोर आरती तिनं करायची. माझ्या पोटात दुखायलंय असं म्हणशील, तर व्हय, दुखायलंय. रात न्हाई, दिवस न्हाई.

परवा बीदरहून ह्यांचा माणूस आला. आमच्या गावची मतं कंदिलाला जेवढी, शिडीला तेवढीच. एकबी कमी-जास्त न्हाई. दोन्हीकडचे वाजंत्रीवाले पारावर बसून होते, कुणी वाजवावं ते कुणालाच कळंना. पंच लई भांडले आन शेवटी म्हणले, औंदा दोर पुजाऱ्यानं धरायचा, आरती बी त्याच्याच घरची. हिरवी साडी घडीसकट पेटीत गेली. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

सांजच्याला हे माझ्याजवळ येऊन बसले. वर्सातून पयल्यांदा. डोकं धरून म्हणले, "शरणे, तुझं एक मत असतं तर जितलो असतो गं."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. हे इतक्या मायेनं बोलले, कसं सांगू त्यास्नी?

तुला सांगते. कुणाला वाचून दाखवू नको. माझ्या हातात मत आलं असतं ना अक्का, तर मी ते शिडीच्या पेटीत टाकलं असतं.

भाऊजींना शरणार्थ सांग. गुडघ्याला एरंडाचं तेल लाव.

तुझीच,
कुठल्याच पेटीत न मोजलेली
शरणम्मा