डोरलं धरायला ये

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. फुलास,
अक्काचा पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल. शेवंती यंदा अशी फुललीय की तोडायला बाया पुरत नाहीत. फुलं तोडणारी लताबाई तुझ्या कळवणला माहेरी निघालीय, तिच्या हाती चिठ्ठी देते. फोन केला की तुझा लेक समाधान स्पीकरवर टाकतो आणि अख्खं घर कान लावून बसतं. माझं शिक्षण तिसरीचं, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण ही तू एकटीच वाच.

फुले, मी तुझ्यावर लय रागावलेय. दिवाळीत उटणं लावताना तुझ्या काखेजवळ गाठ लागली, तर तू माझा हात झटकलास. "चरबी हाय अक्का." चरबी! चिमणीला पुरेल एवढं मांस नाय तुझ्या अंगावर. मग तुझ्या सुनेनं, तृप्तीनं, तुला इथं नाशिकला त्या छातीच्या मशीनवर आणलं, तर "गळ्यातलं काढा" म्हटल्यावर तू दारातूनच माघारी! माझ्याकडे चहालासुद्धा आली नाहीस. का, तर तुझे मालक दमेकरी, डोरलं उतरवलं तर त्यांचं काही बरंवाईट होईल.

म्हणलं, थांब. आधी मीच जाऊन बघते काय होतं ते.

आमची तेजल घेऊन गेली. नात कसली, सासूच हाय माझी! पावडर लावू नको म्हणाली होती, मी लावलीच, मग पुसायला लावली. तुझे दाजी पण आले, नवी टोपी घालून, जसं काय मुलगी बघायला निघालेत.

आत पुढून उघडा झगा दिला. गळ्यातलं काढायची वेळ आली तेव्हा माझाही हात आकड्यापाशीच अडला, खोटं कशाला बोलू? पोत गाठवायला दिली तरी गळ्यात काळा दोरा बांधणाऱ्या बाया आपण. पण मग तुझी आठवण आली आणि डोकं फिरलं. तशीच झग्यात बाहेर आले, सगळ्यांदेखत डोरलं काढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "धरा."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू द्या. ज्याच्या नावानं घालते त्याच्याच हाती देते."

शेजारची एक बाई म्हणते, "अगं बाई, नवऱ्यासमोर ओका गळा!"

म्हणलं, "त्यालाच विचारा काही होतंय का."

हे म्हणाले, "तहान लागलीय."

सगळे हसले गं!

मशीन म्हणजे पापडाचं यंत्र. दोन फळ्यांत दाबतात. दुखतं, पण जरासंच, पोरं काढलीत आपण. फोटो बघितला, वाळल्या पिंपळपानासारखी जाळी. मला मौजच वाटली. बाहेर आले तर ह्यांनी डोरलं मुठीला गुंडाळून धरलेलं, तळहातावर मण्यांचे वळ. स्वतः माझ्या गळ्यात घालायला गेले, आकडा लागेना. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या आणि वर कालवणात तिखट कमी म्हणून भांडले. बघ, काही झालं का माणसाला?

ह्यांना नाही झालं.

त्या जाळीत एक पांढरा ठिपका होता, फुला. माझ्या हाताला कधी लागला नव्हता. हरभऱ्याएवढा. मग सुई घालून तपासलं. कॅन्सर हाय. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, लवकर सापडलं, बरं होईल. मी तिच्याकडे बघून हसले तर तेजल रडायला लागली. मला हसू येणारच की. तू दारातून माघारी गेली नसतीस, तर मी कशाला गेले असते तिथं?

रडू नको. मी मरायला बसलेली नाय, शेवंती तोडायचीय. सोमवारी ऑपरेशन हाय. तेव्हाही गळ्यातलं काढायचं, पण ह्या वेळी ह्यांच्या हाती नाही देणार. तू धरायचंस. आणि त्याआधी, शुक्रवारी, तुझं मशीन. तेजलनं नाव लावून टाकलंय, तुला विचारलेलं नाही. दमेकरी मालकांना घेऊन ये. खुर्चीत बसवू आणि डोरलं त्यांच्या मुठीत देऊ. जिवंत माणसाच्या मुठीत डोरलं असलं तर अपशकुन कसला? हात थरथरले त्यांचे, तर खालून माझा हात लावते.

गुरुवारी एसटीनं निमाणी स्टँडला उतर, तेजल गाडी घेऊन येईल. तू आली नाहीस तर मी कळवणला येईन, तुझ्या अंगणात उभी राहीन आणि मगच सोमवारचं काय ते बघू. मला ओळखतेस तू.

तुझी,
ओक्या गळ्याची, अहेव
अक्का