नळीचा वाटा

अण्णा, आजची बातमी आधी तुम्हालाच सांगायला हवी होती, आणि तुम्ही तर कधीचेच गेलात. धाकटीच्या हाडातला मगज माझ्या हाडांत रुजला! आज पुण्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माझ्या रक्तातली पेशी न् पेशी आता बहिणीची आहे. तिथून नगरला येईपर्यंत गाडीत माझी टकळी चालू होती. शेवटी नवरा म्हणाला, जरा श्वास तरी घे.

गेल्या वर्षी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले, ताप हटेना. माझ्या हाडांतला कारखानाच बंद पडला होता. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयारच होत नव्हत्या, साधी सर्दीही मला घेऊन गेली असती. कुणाचा तरी मगज घालायचा हाच उपाय, आणि जुळला तो धाकटीचा. तरी तो रुजेलच याची खात्री कुणी देईना. डॉक्टरीणबाई शरीराचं चित्र काढून समजावत होत्या आणि मला दिसत होतं ते तिसगावच्या बाजारातलं आपलं दुकान. मी म्हटलं, बाई, मी खाटकाची पोर, हे सगळं मी हाताळलंय. पांढऱ्या पेशी जन्मतात नळीच्या हाडातल्या मगजात. त्यांतल्या काही आपलं-परकं शिकायला जातात छातीच्या हाडामागच्या मऊ गोळ्यात. कोवळ्या करडात तो असतो आणि म्हाताऱ्या बोकडात शोधूनही सापडत नाही, हे तुम्हीच दाखवलं होतं. म्हाताऱ्या बायका हक्कानं मागून न्यायच्या ती पानथरी, म्हणजे प्लीहा, रक्त गाळते, त्यातले जंतू धरते. आणि पुढच्या पायाच्या फऱ्यातल्या, मांडीतल्या त्या गाठी! घाण म्हणून तुम्ही त्या उपटून कुत्र्यापुढे टाकायचात. मला शिकवायचात, "गाठ ऱ्हायली तर गिऱ्हाईक पुन्हा येनार न्हाई." अण्णा, त्या चौक्या आहेत. अंगात शिरलेला जंतू तिथे अडवला जातो, त्याच्याशी तिथे लढाई होते. तुम्ही जन्मभर चौक्या उपटल्या आणि आपलं कुत्रं त्यावर गुबगुबीत झालं. हे कळलं तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा मला हसू आवरेना.

मग ते रविवार आठवले. चुलीपुढे आपण चौघं बसलोय, आई भाकरी थापतेय. तुम्ही रश्श्यातली नळी उचलता, ताटाच्या काठावर ठक् ठक् आपटता आणि मगज धाकटीच्या भाकरीवर घसरतो. ती कायम खोकणारी, काडीसारखी. एकदा मी माझं ताट पुढे सरकवलं.

"तुला कशाला? तू घोड्यावानी हायेस," तुम्ही म्हणालात. "तिच्या अंगात बळ येऊ दे."

पुन्हा मी ताट सरकवलं नाही. पण दर रविवारी तो ठक् ठक् आवाज मात्र ऐकत राहिले, आणि मला तो लागायचा.

तीच काडी आता तिसगावला शेत सांभाळते. कांद्याची काढणी टाकून ती पुण्याला आली, कमरेच्या हाडात सुया टोचून घ्यायला. आदल्या दिवशी तोंडाला मास्क लावून दवाखान्यात माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी घाबरले होते, तिला ते दिसलं असणार.

"आक्का, तुझ्या वाटच्या समद्या नळ्या मीच खाल्ल्यात," ती म्हणाली. "आता घे माघारी."

त्यानंतर बंद खोलीत नुसती वाट पाहणं. रोज रक्त काढायचे आणि रोज त्यात काहीच नसायचं. एका सकाळी नर्स दारातूनच हसली, पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. आता माझं शरीर जुनं शिकलेलं बरंच विसरलंय, म्हणून बाळाच्या लशी पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या. पन्नाशीच्या बाईला बाळाच्या लशी! तुम्ही असता तर गावभर सांगत फिरला असता.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. धाकटीने एकदा तुमची नजर चुकवून अर्धी नळी मला दिली होती. मला ती मुळीच आवडली नाही, नुसती तुपट लागली. तरी मला हवी होती, अण्णा. तुम्ही एकदा ती माझ्या ताटात आपटायला हवी होती.