मुंबई मला, पुणे त्याला

बाबा, तुमच्याविषयीची माझी तक्रार मी कधी तुमच्या तोंडावर केली नाही. पोटात मात्र नीट सांभाळून ठेवली. आता तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी पाच वर्षांनी मोठा आहे, तेव्हा मान राखून पण न घाबरता लिहायला हरकत नाही. विषय जुनाच, माझा आतेभाऊ. आत्या गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी दहाचा. तुम्ही त्याला खांद्यावर बसवून घरी आणलंत आणि त्या दिवसापासून देवळातून येणारं खोबरं आधी त्याच्या हातावर पडायला लागलं. चुलीपुढे आम्ही दोघे पेज जेवायला बसलेले, मधे लोणच्याची फोड, आणि तुम्ही आत येऊन कमरेच्या पंच्यातून खोबऱ्याचा तुकडा सोडताय, हे मला अजून दिसतं. मी एकदा म्हणालो, "माका कित्याक नाय?" तुम्ही म्हणालात, "तुका आवस आसा." तुमचं बरोबरच होतं. पण दहा वर्षांच्या मुलाला आई असल्याबद्दल शिक्षा झाल्यासारखं वाटतं, त्याला काय करणार.

एक गोष्ट मात्र फक्त माझी होती. गुरवाचा मुलगा म्हणून देवाला कौल लावायला तुम्ही मला शिकवलंत. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, तुम्ही गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठली पाकळी आधी पडते त्यावरून देवाचं उत्तर समजायचं. "दोनय पाकळ्यांक सारख्याच पानी लाय. कमी लायलंस तर देव बोलना नाय, तूच बोलतंस," असं म्हणून तुम्ही एकदा सगळ्या गावकऱ्यांसमोर माझा हात झटकला होतात. मी तेव्हा चौदाचा असेन. पुढे तुमच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला, समोरचं माणूस आवाजावरून ओळखायला लागलात, तेव्हा पाकळ्या लावायचं काम पुरतं माझ्याकडे आलं. त्याला ते कधी दिलं नाहीत याचं मला केवढं समाधान होतं, ते तुम्हाला ठाऊक नसेल.

मग ती दोन माहितीपत्रकं आली. मी तोपर्यंत कट्टा गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात तेरा वर्षं काढली होती. बिया वाळवण्यापासून गर डब्यात भरण्यापर्यंत सगळं मी बघायचो, आणि आतेभाऊ तिथेच खरेदी-विक्री. शेठनी आम्हाला दोघांना बोलावलं आणि कागद पुढे सरकवले. एक मुंबईचा, दोन वर्षं संध्याकाळचे वर्ग, नोकरीत मुरलेल्या माणसांसाठी. दिवसा शेठच्या मुंबईच्या पेढीवर काम, संध्याकाळी व्यवस्थापनाचं शिक्षण, सगळं इंग्रजीत. दुसरा पुण्याचा, तीन महिने तिथेच राहून, लहान कारखाने चालवणाऱ्यांसाठी. शेठ म्हणाले, "एकाने मुंबईला जा, एकाने पुण्याला. कोणी कुठे ते तुम्हीच ठरवा. मी सांगितलं तर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडाल."

डोकं शाबूत ठेवून विचार केला असता तर उत्तर सरळ होतं. कारखान्याच्या आतलं काम माझं, तेव्हा पुणं माझं. इंग्रजी त्याचं, बाजारात बोलणं त्याचं, तेव्हा मुंबई त्याची. माझी दोन मुलं शाळेत, त्याचं नुकतं लग्न झालेलं. मी ते दोन्ही कागद आठ दिवस उशाखाली घेऊन झोपलो आणि रोज सकाळी पुणंच बरं असं ठरवून कामावर जायचो. तिथे तो मुंबईचा कागद मोठ्याने वाचत बसलेला असायचा. त्याचे डोळे चमकायचे आणि माझं पोट दुखायला लागायचं. मला मुंबई हवी होती असं नाही, बाबा. ती त्याला मिळायला नको होती. तोंडाने मात्र मी म्हणायचो, "तूच जा," आणि तो म्हणायचा, "नाय दादा, तू थोरलो, तू जा." शेवटी तुम्ही कंटाळून म्हणालात, "देवाक इचारूया."

सोमवारी सकाळी आपण तिघे देवळात आहोत. तो उंबऱ्यापाशी उभा आहे, तुम्ही पाषाणासमोर, मी तुमच्या शेजारी. तुम्ही म्हणता, "बा देवा म्हाराजा, ही दोन पोरां तुझ्या पायाकडे इलीत. थोरल्याक मुंबय देवची आसात तर उजवी दी, धाकट्याक देवची आसात तर डावी दी म्हाराजा." तो मागून म्हणतो, "व्हय म्हाराजा." मी आधीच डावी पाकळी चांगली भिजवून अंगठ्याने दाबून बसवली आहे. उजवीला पाणी लावलं न लावल्यासारखं. हात जोडून मी डोळे मिटतो. देवाकडे बघायचा धीर होत नाही. गाऱ्हाणं संपतं, मी डोळे उघडतो तर उजवी खाली पडलेली. तुम्ही हात पुढे करून पाषाण चाचपता, डावी बोटांना लागते, उजवी नाही. "मुंबय थोरल्याक," एवढंच म्हणता. तेरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने आपलं शिक्षण असं निवडलं.

निघायच्या दिवशी तुम्ही तुमची धाबळी त्याला दिलीत. पुण्याला थंडी असते म्हणून. मी वाट बघत उभा राहिलो तर म्हणालात, "तुका देवान दिल्यान. मी आनी काय देतलंय?" मालवण बंदरात पडावातून बोटीवर चढेपर्यंत ते वाक्य माझ्या कानात होतं. तुम्हाला कळलं होतं की काय, या धास्तीने दोन रात्री झोप नाही. आणि खरं सांगू, धास्तीपेक्षा त्या धाबळीचंच जास्त लागलं.

मुंबईत वर्गात सगळे टायवाले. मास्तर एखाद्या कारखान्याची अडचण सांगायचे आणि विचारायचे, तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं. मला उत्तर यायचं, अगदी नेमकं यायचं, पण ते इंग्रजीत लावेपर्यंत दुसराच कोणी बोलून मोकळा व्हायचा. तो असता तर बोलला असता, असं दर वेळी वाटायचं. तिकडे तो तीन महिन्यांत परत आला. माझ्या खुर्चीवर बसला. बिया फोडणाऱ्या बायकांचे हात चिकाने भाजायचे, त्यावर त्याने फोडायच्या जागेची मांडणीच बदलली, आणि गावात त्याचं नाव झालं. तुमची पत्रं यायची ती त्याच्या अक्षरात. "मामा सांगतात की," अशी सुरुवात. मी ती एकदाच वाचायचो. दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. बोटी बंद, घाटात दरड, मी पोचलो तो चौथ्या दिवशी. तुमच्या तोंडात पाणी त्याने घातलं होतं. शेवटचे सहा महिने पाकळ्याही तोच लावत होता, हे मला तेव्हा कळलं. पदविका मिळाली, पुढे पेढीवर मोठा झालो, पण घरी परत येणं झालं ते म्हातारपणी.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे पडवीत बसलो होतो. तो आता एकोणसत्तरचा, बोलताना दम लागतो. सुपारी कातरता कातरता सहज म्हणाला, "दादा, ती पाकळी गाऱ्हाणा संपायच्या आदीच पडलली." बाबा, तुमचाच नियम, गाऱ्हाणं संपायच्या आत पडलेला कौल धरायचा नाही, पुन्हा लावायचा. तो म्हणाला, "मामांनी माका वाटेर इचारल्यानी, कवा पडली? मी सांगलंय, संपल्यार. तुका जावचा होता मां." मी म्हणालो, "वाऱ्यान पडली आसतली." गाभाऱ्यात वारा येत नाही, हे आम्ही दोघेही लहानपणापासून जाणतो. तो म्हणाला, "आसात," आणि कातरलेली सुपारी माझ्यापुढे केली.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. त्याला वाचून दाखवावं, एवढा मी मोठा नाही, तेव्हा ते माझ्याकडेच राहील. लाज वाटली, नाही असं नाही, पण ती रात्री, अंथरुणावर पडल्यावर. पडवीत, तो बोलत असताना, माझ्या मनात एकच आलं. पाकळ्या मी लावल्या होत्या, पोटचा मुलगा मी, तुमच्या खांद्याला खांदा लावून मी उभा होतो, आणि कधी पडली हे तुम्ही त्याला विचारलंत.